बोथट सुऱ्यांचा उन्हाळा

मार्च लागला की आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरत नाही. अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तिथे येऊन बसतात आणि मी ताट मांडीवर घेऊन खाते. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि इथल्याच एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. तत्त्वज्ञानाला पोरं कमी, त्यामुळे गठ्ठे फार उंच नसतात, पण डोकं उठवायला पुरतात. यंदाही चौथा प्रश्न तोच आहे: सूफी विचारातील हृदयाच्या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करा. आणि झाडून सगळ्या पोरांनी एकच लिहिलं आहे. सूफींच्या मते हृदय हा एक आरसा आहे, त्यावर अहंकाराचा गंज चढतो, तो घासून काढला की त्यात सत्याचे प्रतिबिंब दिसते. एका मुलीने समासात आरशाचं चित्र काढलंय, शेजारी फणीसुद्धा.

पोरांवर चिडायची सोय नाही, कारण हे वाक्य माझंच आहे. मीच ते सांगितलं, मीच दोनदा सांगितलं, आणि 'खाली रेघ मारा' असंही मीच म्हटलं. मी मुकाट्याने गुण देत जाते आणि दर गठ्ठ्यामागे थोडी थोडी लाज वाटत जाते. हे वाक्य मला ज्या वर्षी सगळ्यांत जास्त आवडत होतं, त्याच वर्षी माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, एक पोरगी रोज थोडी थोडी कोमेजत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पोरगी म्हणजे माझीच, सई.

तो उन्हाळा मला वासांनी आठवतो. मार्केट यार्डाकडून वारा आला की हळदीची धूळ यायची आणि घशाला खवखव सुटायची. द्राक्षं संपली होती, तासगावकडची ओळखीची माणसं भेटायला येताना बेदाणे घेऊन यायची आणि डबा उघडला की घरभर आंबटगोड वास पसरायचा. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. माझं माहेर फलटणकडचं. तिकडे साखर कारखान्याचा भोंगा बंद झाला की उन्हाळा लागला असं आम्ही धरायचो. इथे तसला भोंगा ऐकू येत नाही. इथे मुलांच्या खोल्यांची दारं बंद झाली की उन्हाळा लागतो.

सईच्या खोलीचं दारही बंद असायचं. ती बारावीला होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांना सांगितलं की ते खरंच वाटायला लागलं. तिचे बाबा सैन्यात, तेव्हा त्यांचं पोस्टिंग लांब जम्मूकडे होतं. घरात आम्ही दोघीच. बोर्डाची परीक्षा कशीबशी आटोपली होती आणि पुढे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा डोंगर उभा होता. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट असायची. मी गुण विचारायचे, ती आकडा सांगायची, आणि मी तो आकडा फोनवर तिच्या बाबांना सांगायचे. तिचा चेहरा मला पाठ आहे, अशी माझी घमेंड होती. आईला कळतंच, आईला सांगावं लागत नाही, असं आपल्याकडे म्हणतातच. आणि मी तर वरून त्या विषयाची प्राध्यापक.

त्या सुमारास एका चर्चासत्रासाठी मी निबंध लिहीत होते. विषय अर्थातच हृदयाचं ज्ञान. सूफी लोक दोन प्रकारचं जाणणं मानतात. एक इल्म, म्हणजे शिकून मिळवलेलं. दुसरं मारिफत, म्हणजे ओळख पटणं. वर्गात मी हा फरक स्थळाच्या माहितीवरून समजावते. मुलाची उंची, शिक्षण, नोकरी, शेती किती, हे कागदावर सगळं असतं आणि सगळं खरंही असतं. पण वीस वर्षं संसार केल्यावर दाराशी चपला काढल्याच्या आवाजावरून त्याचा दिवस कसा गेला ते बाईला समजतं, ते त्या कागदावर कुठेच नसतं. पोरं हसतात आणि त्यांच्या लक्षात राहतं. सूफींच्या दृष्टीने हृदय म्हणजे नुसतं रडण्या-हसण्याचं ठिकाण नव्हे, ते जाणण्याचं इंद्रिय आहे. डोळ्यांना जसा मोतीबिंदू होतो तसा त्यालाही होतो. तो कशाने होतो? तर 'मी'ने. हे सगळं मी त्या उन्हाळ्यात फार सुंदर भाषेत लिहिलं होतं.

निबंधाला एखादा जिवंत दाखला हवा होता आणि तो दर गुरुवारी आमच्या गल्लीत आपण होऊन येत होता. रसूलचाचा शिकलगार, धार लावणारे. साठी उलटलेली, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सायकल स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा पट्टा दगडाच्या चाकाला जोडायचा, सीटवर बसून पायडल मारायचं. दगड फिरायला लागला की सुरीखालून ठिणग्या उडायच्या. धार लागली का ते ते अंगठ्याच्या नखावर बघायचे. पातं नखावर सरकलं तर अजून बोथट, अडकलं तर झालं काम. सांगलीतून निघून विश्रामबाग करत संध्याकाळी ते मिरजेला पोचायचे आणि तिथल्या दर्ग्यात जिक्रला बसायचे. जिक्र म्हणजे नामस्मरणच. हृदयावरचा गंज त्यानेच निघतो, असं मी निबंधात लिहिलेलं होतं.

पूर्वी आरसे काचेचे नव्हते, धातूचे असायचे आणि ते घासून चकचकीत करावे लागत. सूफींचा आरसा तो. आणि घासून चकाकी आणणं हेच पिढ्यान् पिढ्या ज्यांचं काम, त्या घरातला माणूस माझ्या फाटकाशी! मला आनंदाचं भरतं आलं. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून मी खाली गेले.

"चाचा, तुमच्या घराण्यात हे काम कधीपासून?"

"आमचं पणजोबा साताऱ्याला तलवारींना धार लावायचं, बाई. लय मान हुता. आता आमी कांद्याच्या सुऱ्या लावतो." मग स्वतःच हसून म्हणाले, "कांद्यानं बी डोळ्यांतनं पाणी येतंयच की."

"आणि गुरुवारी जिक्रला बसल्यावर आत काय जाणवतं?"

चाचांनी बराच विचार केला. "गुडघं दुखत्यात."

"ते झालं. पण आणखी?"

"आनि काय? बरं वाटतंय."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. फाटकाच्या पायरीवर सई बसली होती, ती ओढणी तोंडाला लावून हसत होती. त्या उन्हाळ्यात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "सई, अर्धा तास झाला खाली. केमिस्ट्री कोण करणार?" चाचांचा दाखला मी निबंधात घेतला नाही. त्यात काही खोली नाही असं मला वाटलं.

आमच्या घरात दोन सुऱ्या आणि एक कात्री. एकदा धार लावली की दोन महिने बघायला नको. त्या वर्षी मात्र आठवडा सरायच्या आत सुरी टोमॅटोवरून घसरायला लागली. टोमॅटो कापला न जाता चिरडला जायचा. सई लगेच म्हणायची, "आई, गुरुवारी मी नेते ना खाली." मला बरंच वाटायचं. पोरगी घरकामाला हात लावते म्हणून मी मैत्रिणींपाशी कौतुकही केलं. ती खाली जायची, पायरीवर बसायची, चाचा पायडल मारायचे. दोन सुऱ्यांना अर्धा तास कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही. चाचांचं वय झालंय, एवढीच माझी समजूत.

चौथ्या गुरुवारी माझा तोल गेला. निबंध पाठवायची मुदत जवळ आली होती, उन्हाने जिवाची काहिली झाली होती, आणि सकाळी बोथट सुरी जोर लावून चालवताना ती घसरून माझं बोट कापलं होतं. बोथट सुरीच जास्त कापते, हे बायकांना ठाऊक आहे. मी पट्टी बांधलेलं बोट नाचवत खाली गेले. शेजारच्या दोघीजणी आपापल्या विळ्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यादेखत मी म्हणाले, "चाचा, हे कसलं काम? आठ दिवस धार टिकत नाही तुमची. नजर गेली असेल तर तसं सांगा, आम्ही दुसरा माणूस बघू."

चाचांनी सुरी हातात घेतली. उन्हाकडे धरून पाहिली, नखावर ठेवली, पात्यावरून अंगठा टोकापासून मुठीपर्यंत हळूच फिरवला. मग त्यांनी पायरीकडे पाहिलं. सईने मान इतकी खाली घातली होती की तिची वेणी जमिनीला टेकली होती. चाचा माझ्याकडे वळले.

"व्हय बाई. दगूड जरा मऊ निघालाय. चुकलंच माझं. परत लावून देतो."

आणि त्यांनी पुन्हा धार लावून दिली. शेजारणी एकमेकींकडे बघत होत्या. मी वर आले आणि निबंधाचा शेवटचा परिच्छेद लिहिला. त्यात असं होतं की ज्याचं हृदय स्वच्छ आहे त्याला समोरच्याचं दुःख न सांगता कळतं. आज तो परिच्छेद वाचताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

परीक्षेला दोन आठवडे उरले असतील. कुरडया घालायला म्हणून मी दुपारी चिकाचं पातेलं घेऊन गच्चीवर गेले. दार ढकललं तर कठड्यापाशी सई पाठमोरी उभी. खसखस आवाज येत होता. ती सुरीचं पातं सिमेंटच्या कठड्यावर घासत होती. इकडून चार वेळा, तिकडून चार वेळा, मग बोटाने चाचपून बघायची आणि पुन्हा घासायची. जे काम चाचा मन लावून करायचे, तेच ती उलट्या बाजूने तितक्याच मन लावून करत होती. पहिल्यांदा माझ्या काळजात भलतीच धडकी भरली. मग मला उलगडत गेलं की ती धार घालवतेय, लावत नाहीये. हाताला पातेल्याचा चटका बसत होता तरी मला ते खाली ठेवायचं सुचलं नाही. मी तशीच पावलं न वाजवता जिना उतरले.

तो गुरुवार होता. गल्लीत "धाऽऽर लावायची" अशी हाक आली आणि सईच्या आधी मीच खाली पोचले.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. सायकल स्टँडवर चढवत म्हणाले, "धारीवरनं कळतंय की, बाई. रोजच्या चिरण्यानं सुरी मधी पोटात बोथटती. टोकाला आन मुठीपाशी धार ऱ्हाती. ही समद्या अंगानं सारखी मेलेली. घासल्याबिगर आसं हुत न्हाई."

"मग त्या दिवशी मला सांगितलं का नाही? उलट स्वतःवर घेतलंत."

"सांगून काय झालं असतं? तुमी तिला बोलला असता. तिचं खाली यायचं बंद झालं असतं. मग बसली असती कुटं?"

मी सायकलीच्या आणखी जवळ गेले. "काय म्हणते ती तुम्हाला? काय होतंय तिला?"

"ते मला न्हाई म्हाईत. ती सांगत न्हाई, मी इचारत न्हाई. ती चाक फिरताना बघती, बास." चाचांनी डब्यातलं पाणी दगडावर शिंपडलं. "पोरगी उनात यून बसतीया, म्हंजी घरात सावली कमी पडत आसंल. आवं, एवढं कळायला काय लागतंय?"

मी माफी मागितली. शेजारणींच्या देखत बोलले होते, म्हणून माफीही त्यांना हाका मारून, त्यांच्या देखत मागितली. चाचा संकोचून गेले. "जाऊ द्या, बाई. तुमी माझ्या दगडाला नावं ठिवलीसा, माझ्या इमानाला न्हाई," असं म्हणून त्यांनी पायडल मारायला सुरुवात केली.

दुसऱ्याचं उणं झाकावं, त्याची लाज राखावी, असं सूफी सांगतात. अभ्यासक्रमात ते पुढच्या प्रकरणात येतं, नीतिविचारात. हृदयाचं ज्ञान एका प्रकरणात आणि झाकणं दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी आम्ही पुस्तकवाल्यांनी केली. चाचांच्या हातात ती दोन्ही एकाच वेळी होती. त्यांना कळलं आणि त्यांनी झाकलं. मला कळलं असतं तर मी आधी फोन केला असता तिच्या बाबांना, मग क्लासच्या सरांना, मग माझ्या तीन मैत्रिणींना. बहुतेक म्हणूनच मला कळत नव्हतं.

आणि आरसा? तो मी घासला नव्हता असं नाही. रोज घासत होते. पण सईच्या चेहऱ्यात बघताना मला दिसत होते मी. फलटणच्या कॉलेजात विज्ञान घेतलेली, थोड्या गुणांनी मेडिकल हुकलेली, त्यानंतर वर्षभर कुणाच्या लग्नाकार्याला न गेलेली मी. ती हुकलेली गाडी माझ्या पोरीने पकडावी म्हणून मी तिला फलाटावर ढकलत होते आणि वर म्हणत होते की तिलाच जायचंय. त्या ढकलण्याला मी माया समजत होते. मायाच होती ती, नाही कशी? पण आंधळी.

सई सुरी घेऊन खाली आली आणि मला तिथे बघून जिन्याच्या तोंडाशीच थबकली. माझ्या जिभेवर दहा प्रश्न होते. प्राध्यापकाला गप्प बसणं किती जड जातं ते प्राध्यापकालाच ठाऊक. मी पायरीवर सरकून जागा केली. ती बसली. चाचांनी आमच्या दोघींकडे न बघता सुरी घेतली आणि दगड फिरायला लागला.

मीही बघत बसले. खरंच, बघत बसण्यासारखंच होतं ते. दगडाचा सूर आधी खरखरीत असायचा, मग पातं जसं जुळत जाईल तसा बारीक होत जायचा. ठिणग्या इवल्याशा, उन्हात फिक्या. पाण्याचा, लोखंडाचा, तापलेल्या दगडाचा वास. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एवढा वेळ मी सईच्या शेजारी काही न विचारता याआधी कधी बसले होते, ते आठवून पाहिलं. ती तापाने फणफणलेली असताना, तिसरीत.

"आई," ती दगडाकडेच बघत म्हणाली, "पाच टेस्ट मी कोरे पेपर दिले."

तिने सांगितलेला एकेक आकडा माझ्या कानात घुमला.

"वाचते गं मी. दिवसभर वाचते. नुसती अक्षरं दिसतात. मग छाती धडधडायला लागते, हात गार पडतात. इथे बसलं की थांबतं."

माझ्या तोंडून एवढंच आलं, "हं." पुढे मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि ते बरंच झालं. सईने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. तिच्या केसांना घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. आम्ही दोघी भर उन्हात आपल्याच फाटकाच्या पायरीवर रडत बसलो. चाचा एकच सुरी कितीतरी वेळ घासत राहिले. एवढी धार त्या सुरीला नंतर कधीच लागली नाही.

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. आम्ही डॉक्टरांना दाखवलं, तिचे बाबा रजा काढून आले, नातेवाइकांनी काय काय म्हणायचं ते म्हटलं. मी तिला लगेच ओळखायला लागले असंही नाही. तोवर मी फक्त शिकले होते. त्या पायरीवर मला पहिल्यांदा तिच्याजवळ नुसतं बसता आलं. सूफी म्हणतात ती ओळख पटते म्हणजे काय होतं, मला अजून नेमकं सांगता येत नाही. पण ती चमकून पडणारी वीज नसावी. आपण जरा बाजूला सरकलो की समोरचं माणूस दिसतं, इतकीच ती साधी असावी. आणि सरकणं मात्र जन्मभराचं काम.

आता रसूलचाचा सायकल काढत नाहीत. गुडघ्यांनी खरंच दगा दिला. मिरजेत घरापुढे ओट्यावर चाक मांडून बसतात. आम्ही सुऱ्या तिकडे नेतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा. सई साताऱ्यात खोली घेऊन राहते आणि भूगोल शिकते. पाठीवर पिशवी टाकून पठारं, ओढे, दगड बघत हिंडते आणि उन्हाने काळी झालीय.

गेल्या शनिवारी ती फोनवर म्हणाली, "मजेत आहे." पण आवाज मला खाली लागल्यासारखा वाटला. रविवारी पहाटेची एसटी धरून मी साताऱ्याला गेले. वाटेत कराडपर्यंत मनात नाही नाही ते आलं. दार उघडलं तर बाईसाहेब डोक्याला तेल थापून, ताटलीत पोहे घेऊन उभ्या. खरोखरच मजेत होती. माझ्या हृदयाच्या ज्ञानाची अजून ही अवस्था आहे.

"आई? काय झालं?"

"काही नाही. आले."

"कशाला?"

मी चपला काढून दुसरी ताटली घेतली. तिने अर्धे पोहे माझ्या ताटलीत लोटले. मग ती नकाशावर रंग भरत बसली, मी तिच्या कॉटवर आडवी झाले आणि चक्क झोपले. उठले तेव्हा अंगावर तिची चादर होती. फारसं काही बोलणं झालंच नाही. संध्याकाळी ती स्टँडवर सोडायला आली, जागा मिळाली का ते बाहेरून बघत राहिली. गाडी सुटायच्या वेळी खिडकीपाशी येऊन तिने गजावरच्या माझ्या बोटांवर हात ठेवला.

"पुढच्या महिन्यात पण ये," ती म्हणाली, "असंच. काही कारण नसताना."

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडू फुटलं असतं. गाडी वळेपर्यंत सई तिथेच हसत उभी होती, आणि मी का बोलले नाही ते तिला कळलेलं होतं.